राखायला दिलेलं घर

आम्ही दोघांनी मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे वाल सोलणं. कडवे वाल भिजवून, फडक्यात बांधून ठेवलेले, त्यांना बोटाच्या पेराएवढे मोड आलेले. दुपारची जेवणं आटपल्यावर ती पडवीत भिंतीला टेकून बसली, सुजलेले पाय लांब केले आणि कोमट पाण्याचं पातेलं दोघांच्या मध्ये ठेवलं. बाहेर श्रावणातला पाऊस, मध्येच ऊन. वाल चिमटीत दाबला की दाणा सालातून सुटतो. तिचा दाणा बरोबर ताटात पडायचा. माझा पडवीभर उडायचा.

"अवो, कोंबड्यांसाठी सोलताय की माणसांसाठी?"

"कोंबड्यांनी कधी बिरडं खाऊ नये काय?"

"खाऊ दे की. मग वाटण पण त्यांनाच सांगा वाटायला."

मी हसलो. ती हसली नाही. हसवून झालं की ती स्वतः हसायची नाही, हातातलं काम बघत राहायची. थोड्या वेळानं तिनं विचारलं, "कोर्टाची तारीख कवा हाय?"

"गौरी-गणपती झाल्यावर."

"म्हणजे याही गणपतीला नाय."

ताट भरलं, सालं केळीच्या मुळाशी टाकली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिला श्वास घ्यायला जमेना.

द्वारका माझी बायको. ठेंगणी, काळी, चालताना टाचा आपटत चालायची, त्यामुळं ती येतेय हे घरात आधी कळायचं. शाळेत गेली नव्हती. मी चौथीपर्यंत गेलो, पण हिशेब सोडला तर घरातली अक्कल तिचीच होती. आम्हाला मूलबाळ झालं नाही. त्याचं तिला काय वाटायचं ते तिनं मला कधी सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

आमची वाडी पोलादपूरच्या वर, डोंगराच्या अंगाला. निम्मी घरं बंद. माणसं मुंबईला. शिमग्याला येतात, गणपतीला येतात, बाकीचं वर्ष दाराला कुलूप. पण आमच्याकडं घर नुसतं कुलूप लावून टाकत नाहीत. जाताना कुणाच्या तरी हातात चावी देतात आणि सांगतात, घर राखायला दिलंय. मग त्या माणसानं रोज संध्याकाळी जाऊन देवापुढं दिवा लावायचा. आठवड्यातून एकदा चूल पेटवायची, कारण धूर बसला नाही तर वाश्यांना वाळवी लागते. उन्हाळ्यात गाद्या-गोधड्या बाहेर टाकायच्या. कौल सरकलं तर नीट करून घ्यायचं. आणि धनी येईल त्या दिवशी दारात उभं राहून चावी त्याच्या हातात द्यायची. त्याचा कागद नसतो, सही नसते. गणपतीला एक लुगडं नाहीतर मुंबईची मिठाई मिळते, तीही मिळाली तर.

वाडीतल्या पाच-सहा घरांच्या चाव्या द्वारकाच्या कमरेला असायच्या. ती चालली की टाचांबरोबर चाव्याही वाजायच्या. संध्याकाळी एकेक घर करत निघायची आणि घरांशी बोलायची. "काय गो बाय, कुठं दुखतंय? इथं गळलीस होय?" असं भिंतीला हात लावून. एका घराशी तिचं भांडण होतं, त्याचं दार पावसात फुगायचं. त्याला ती शिव्या द्यायची, त्या मी इथं लिहीत नाही.

माझ्या पुतणीच्या साखरपुड्याला मोठा पाऊस आला. अंगणात मांडव, मांडवात महाडकडची सोयरी मंडळी, चांगले कपडे घालून आलेली, आणि वरून पाणी. शेजारचं घर बंद, चावी हिच्या कमरेला. माझा थोरला भाऊ, त्याला आम्ही दादा म्हणतो, तो म्हणाला, "द्वारके, ते दार उघड. तासाभराचं काम हाय. माणसं भिजतायत."

"धन्याला विचारलंत?"

"तो मुंबईत हाय! कुठं विचारू? आपलाच भाऊबंद हाय तो."

"मग त्यानं चावी तुमच्याकडं का नाय ठेवली?"

सगळ्यांच्या समोर बोलली. दादा लालबुंद झाला. तिची जाऊ, म्हणजे दादाची बायको, म्हणाली, "बघा, दुसऱ्याच्या घराची एवढी मस्ती, स्वतःचं असतं तर काय केलं असतं!" आमच्या माजघरातल्या भाताच्या कणग्या द्वारकानं एकटीनं ढकलत मागच्या पडवीत नेल्या, जागा केली आणि सोयऱ्यांना तिथं बसवलं. दोन दिवस तिची कंबर धरली होती. पण ते दार उघडलं नाही.

जावेचं ते बोलणं तिला लागलं होतं. घर दादाचं. म्हणजे वडिलांचं, पण दादा थोरला, चूल जावेची, देव तिथले, गणपती तिथला. मी जन्मभर मुंबईला एका रंगाच्या कारखान्यात, गावच्या माणसांच्या खोलीत वळकटी टाकून राहिलो. ती इथं जावेच्या हाताखाली. कारखाना बंद पडला, हिशेबाचे पैसे घेऊन मी गावी आलो, तेव्हा तिनं एकच गोष्ट मागितली. म्हणाली, "दोन खोल्या बांधा. दाराला माझा हात लागू दे." जमीन सामाईक. दादानं सही दिली नाही. म्हणाला, "माझ्या जिवंतपणी जमिनीत भिंत नाय घालू देणार." वर्षभर मी त्याच्या मागं लागलो. मग सोडून दिलं.

तेवढ्यात किशोरभाऊ आला. महाडचा. त्याचे वडील शाळेत मास्तर होते, त्यामुळं लोक त्याला मान देत. इस्त्रीचा शर्ट, स्कूटर, बिनसाखरेचा चहा. त्यानं ओटीवर बसून रंगीत फोटो पसरले. वरंधच्या पुढं, घाटाला लागताना, डोंगराच्या कडेला एक कंपनी सुट्टीसाठी येणाऱ्या लोकांकरता घरं बांधत होती. कॉटेज म्हणायचं त्याला. एकेक कॉटेज एकेकानं विकत घ्यायचं. नाव आपलं, सातबारा आपला. मग तेच घर कंपनी आपल्याकडून नऊ वर्षं भाड्यानं घेणार. पुण्या-मुंबईचे लोक येऊन राहणार, कंपनी सगळं बघणार, आपल्याला दर महिन्याला भाडं. वर्षातून काही दिवस आपण फुकट राहायचं. नऊ वर्षांनी घर आपलं ते आपलंच.

मी विचारलं, "भाडं बुडालं तर?"

"अहो, डोंगर कुठं पळून जातोय? आणि लोक थंड हवेला येणारच. महाडचे डॉक्टर, वकील, भांड्यांच्या दुकानाचे शेठ, सगळ्यांनी घेतलंय."

द्वारका आतून ऐकत होती. ती दारात येऊन उभी राहिली. "म्हणजे घर आमचं, आणि कंपनी राखणार?"

"अगदी बरोबर वहिनी."

"झाडलोट, दिवाबत्ती, सगळं?"

"सगळं. माणसं ठेवलीत कंपनीनं."

"आणि आमी गेलो की चावी देणार?"

किशोरभाऊ हसला. "देणार म्हणजे काय! तुमचंच घर, वहिनी."

त्यानं खोटं सांगितलं असं मला आजही वाटत नाही. त्यानं स्वतःसुद्धा एक घेतलं होतं. पण ती विचारत होती एक आणि तो सांगत होता दुसरं. तिला वाटलं, मी जशी घरं राखते, तशी ही कंपनी राखणार. शंभर माणसांनी समजावलं असतं तरी तिला दुसरं काही वाटलं नसतं, कारण घर दुसऱ्याच्या हातात द्यायची दुसरी रीत तिनं बघितलीच नव्हती. मीही नव्हती बघितली. वाडीत तिनं सगळ्यांना सांगितलं, "आमी घर घेतलंय. कंपनीकडं राखायला दिलंय." सगळ्यांना बरोबर समजलं. कुणी विचारलं नाही की म्हणजे काय.

सह्या करायला महाडला गेलो. काचेचं टेबल, त्यावर घराचा नकाशा. किशोरभाऊ बोट ठेवून दाखवत होता. ही बसायची खोली, हा संडास, ही गॅलरी, इथून दरी दिसते.

"चूल कुठं हाय?" द्वारका.

"चूल नाही वहिनी. जेवण कँटीनमधून येणार."

"आणि उंबरठा?"

"उंबरठा?" त्यानं नकाशाकडं बघितलं, जणू तिथं असेल. "नाही ठेवत उंबरठा. पाहुण्यांना ठेच लागते."

तिनं नकाशातल्या दारावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "नऊ वर्षांनी मी घालीन." आणि अंगठा उठवला.

पहिलं भाडं आलं तेव्हा तिनं पोलादपुरातून पेढे आणले आणि वाडीत वाटले. पहिला पेढा जावेच्या हातावर ठेवला. म्हणाली, "घे वैनी, माझ्या घरचा हाय." जावेनं तो खाल्ला नाही, फळीवर ठेवला. द्वारकानं तो दोन दिवस फळीवर बघितला आणि तिसऱ्या दिवशी स्वतः खाल्ला. "मुंग्या लागत होत्या," म्हणाली.

वर्षभर भाडं येत राहिलं. गणपतीच्या आधी तिनं ठरवलं, जायचं. एक दिवस राहायचं. गणपती बसवायचा नाही, तो मूळ घरातच. पण आपल्या घरात जाऊन एकदा झाडून काढायचं, देवाला फूल ठेवायचं. तिनं गाठोडं बांधलं. झाडू, दोन गोधड्या, तांदूळ, तेलाची बाटली. मी म्हटलं, तिथं सगळं असतं. ती म्हणाली, "दुसऱ्याच्या झाडूनं आपलं घर कोण झाडतं?" महाडला येऊन भोरची एसटी धरली, वरंधच्या पुढं उतरलो आणि चढण चढलो.

फाटकावर रखवालदार होता. आमच्याच भागातला, शिट्टी गळ्यात.

"बुकिंग हाय?"

"चावी द्या," द्वारका म्हणाली. "आमचं घर हाय, कोपऱ्यातलं, दरीच्या कडेचं."

त्यानं माझ्याकडं बघितलं. मी नाव सांगितलं. तो आत जाऊन मॅनेजरला घेऊन आला. मॅनेजर सभ्य होता. म्हणाला, मालकांनी मुंबईच्या ऑफिसला आधी कळवावं लागतं, सीझन सोडून, आणि आत्ता पाहुणे आहेत.

"पाहुणे? कुणाचे?"

"तुमच्याच कॉटेजमध्ये आहेत, मावशी."

आम्ही लांबून बघितलं. घर छान होतं, खोटं कशाला बोलू. लाल कौलं, पांढऱ्या भिंती. गॅलरीत पुण्याकडची एक बाई खुर्चीत बसली होती, दोन पोरं पायरीवर कणीस खात होती. द्वारका तिकडं चालू लागली. मॅनेजर "अहो, अहो" करत मागं. ती पायरीशी थांबली आणि वर बघत राहिली. कौलं बघितली, भिंतीचा खालचा भाग बघितला, तिथं ओल चढते.

त्या बाईनं गाठोडं आणि झाडू बघितला. म्हणाली, "बरं झालं आलात. नंतर झाडा. आधी थोडं गरम पाणी आणून द्याल का? ह्याला खोकला आहे."

माझं डोकं फिरलं. मी काहीतरी बोलणार होतो. द्वारकानं माझा दंड धरला. ती कँटीनमध्ये गेली, गरम पाणी मागून घेतलं, तांब्या पदरानं धरून आणला आणि त्या बाईच्या हातात दिला. "पोराला ओव्याची धुरी द्या रातीला," असंही सांगितलं. मग आम्ही उतरून खाली आलो.

एसटीत मी म्हटलं, "मोलकरीण समजली ती तुला. तुझ्या घरात."

"समजू दे. माझ्या घरी पाहुणी आलीय, तिनं पाणी मागितलं. नाय म्हणू?"

गाठोडं मांडीवर घेऊन खिडकीतून बघत राहिली. बिरवाडी आल्यावर म्हणाली, "आत कसं हाय ते विचारायला पायजे होतं तिला."

त्यानंतर वर्षभरातच भाडं थांबलं. आधी उशिरा, मग निम्मं, मग नाही. महाडच्या ऑफिसला टाळा. किशोरभाऊ रोज कुणाला ना कुणाला शिव्या खात गावात फिरायचा, मग तोही दिसेनासा झाला. पुण्याला बायकोच्या माहेरी गेला म्हणतात. कंपनीनं ती सगळी जागा आधीच एका बँकेकडं गहाण टाकली होती, हे वकिलानं सांगितलं. बँकेची माणसं आली, सगळ्या कॉटेजना एकसारखी जाड कुलपं घातली, दारावर कागद डकवले आणि गेली.

पैसे गुंतवणाऱ्यांची सभा झाली, चवदार तळ्याजवळच्या एका हॉलमध्ये. डॉक्टर, मास्तर, भांड्यांच्या दुकानाचे शेठ, सगळे पांढरे पडलेले. वाडीतून आम्ही दोघंच. वकिलानं समजावलं, कोर्टात केस आहे, निकाल लागेपर्यंत कुणी कुलूप तोडायचं नाही, आत जायचं नाही, नाहीतर आपलीच बाजू पडेल. द्वारका उभी राहिली. एवढ्या शिकलेल्या लोकांत ती बोलेल असं मला वाटलं नव्हतं.

"साहेब, घर कुणाच्या नावावर हाय?"

"तुमच्या."

"मग चावी?"

"करारात असं आहे की नऊ वर्षं ताबा कंपनीचा."

"कंपनी तर पळाली."

"म्हणून आता ताबा कोर्टाच्या हुकमावर."

"मग कोर्ट राखणार काय घर? कोर्ट चूल पेटवणार? पावसाळ्यात वर चढून कौल फिरवणार?"

लोक हसले. शेठ हसले नाहीत. वकील म्हणाला, "बाई, तुमचं बरोबर आहे, पण कायद्यात तसं नसतं." ती खाली बसली. परत येताना म्हणाली, "त्या माणसाला धुराचं काय ठाऊक नाय."

मग ती जायला लागली. महिन्या-दोन महिन्यांनी, कधी मी बरोबर, कधी एकटी. फाटकावर आता कुणी नव्हतं. ती गॅलरी झाडायची, पायऱ्यांवरचं गवत उपटायची, खिडकीच्या काचेला तोंड लावून आत बघायची. काच आतून धुरकट झालेली, काही दिसायचं नाही. एक पणती पायरीवर लावून, भिंतीला हात लावून बसायची. इतर घरांशी बोलायची तशी त्या घराशी बोलली नाही कधी. मी एकदा विचारलं, तर म्हणाली, "अजून ओळख कुठं झालीय?"

पहिल्या दोन पावसाळ्यांत समोरची कौलं सरकली. भिंतीवर ओलीचा काळा पट्टा चढला, दर वर्षी हातभर वर. बाकीच्या कॉटेजची दारं कुणीकुणी फोडली, भांडी, पंखे, नळ, सगळं गेलं. आमच्या दाराला कुलूप तसंच होतं. ते बघून तिला बरं वाटायचं.

मला बघवेना. एकदा मी पोत्यात गुंडाळून पहार घेऊन गेलो. कुलपात पहार घातली तेवढ्यात ती दार आणि माझ्यामध्ये येऊन उभी राहिली.

"हे काय करताय?"

"तुझं दार उघडतोय."

"चोरासारखं?"

"अगो, आपलं घर हाय! आपल्याच घरात आपण चोर कसे?"

"आपलं हाय म्हणूनच. मी कुणाचं दार तोडून आत गेले कवा? ज्यानं लावलंय त्यानं येऊन चावी द्यायची. माझ्या हातात. मग मी उघडीन."

"आणि तो नाय आला तर?"

"येईल. घर राखायला घेतलेला माणूस कवातरी येतोच."

"द्वारके, तो माणूस नाय. ती बँक हाय."

"बँकेत माणसंच असतात ना?"

मी पहार परत पोत्यात गुंडाळली. उतरताना ती माझ्याशी बोलत होती, कुणाच्या म्हशीचं, कुणाच्या पोरीच्या लग्नाचं, जसं काही झालंच नाही. हट्टी होती. तिच्या हट्टाचं मला कौतुक वाटायचं आणि तिचा गळा दाबावासाही वाटायचा. दोन्ही खरं आहे.

मग तिचे पाय सुजायला लागले. महाडच्या डॉक्टरनं सांगितलं, मूत्रपिंडं काम करत नाहीत. मुंबईला न्या म्हणाला. ती नाही म्हणाली. "दिवा कोण लावील?" घाट चढणं बंद झालं. शेवटची दोन वर्षं ती वरंधला गेली नाही. मला पाठवायची, आणि मी आलो की विचारायची, "कुलूप हाय?" मी सांगायचो, हाय. "मग झालं." आणि दर तारखेला विचारायची. तारीख पडायची, पुढं जायची. नऊ वर्षं कधीच होऊन गेली होती. तिला ते माहीत होतं. उंबरठ्याची गोष्ट तिनं पुन्हा कधी काढली नाही.

वाल सोलल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी दादानं स्वतः जीप आणली. त्याचं आणि तिचं साखरपुड्यापासून धड बोलणं नव्हतं, पण तिला उचलून त्यानंच जीपमध्ये बसवलं. जाऊ शेजारी, मी पायाशी. महाडच्या सरकारी दवाखान्यात नाकाला नळी लावली. जरा रंग आला तिला. मी स्टुलावर बसलो. तिनं कमरेचा जुडगा सोडायला सांगितला. मला गाठ सुटेना, जावेनं सोडली.

"वैनीला द्या," ती मला म्हणाली.

मी ऐकलंच नाही असं केलं. ती पुन्हा म्हणाली. "तिला द्या. तोंड वाईट हाय तिचं, पण हात साफ हाय." जाऊ समोरच उभी होती. मग एकेक चावी बोटानं वेगळी करत तिनं सांगितलं. कुठल्या घरात मागची कडी खालून लावायची, कुठं देवाला लाल फूल चालत नाही, फुगणारं दार कसं उचलून ढकलायचं आणि ढकलताना शिवी द्यायची, नाहीतर ते हलत नाही. जाऊ रडत होती आणि "होय गो, होय गो" म्हणत होती.

सगळ्या चाव्या सांगून झाल्यावर द्वारकानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं आता त्या घराचं काहीतरी बोलेल. तिनं विचारलं, "तुमी जेवलात काय?" मी म्हटलं, होय. खोटंच. ती भिंतीकडं तोंड करून निजली. पदर डोक्यावर ओढून घेतला, कानावरून, ती नेहमी झोपायची तसा. मी ते बघत बसलो. दुपारी नर्सनं येऊन हात बघितला आणि डॉक्टरला बोलावलं.

संध्याकाळच्या आत नदीवर सगळं उरकलं. पाऊस थांबला होता, लाकडं ओली होती, रॉकेल ओतावं लागलं. अग्नी मीच दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहार घेतली आणि निघालो. दादा आडवा आला. "सुतक हाय. अग्नी दिलेला माणूस घर सोडत नाय. कुठं निघालास?" त्यानं माझ्या हातातली पहार बघितली आणि बाजूला झाला.

वरंधच्या पुढं उतरलो तेव्हा पाऊस लागला होता, आडवा. चढून वर गेलो. पायऱ्यांवर गुडघाभर गवत. दाराला कुलूप. आता आडवं यायला कुणी नव्हतं. मी पहार कुलपात घातली, आणि तेवढ्यात घराच्या मागच्या बाजूनं एक कुत्रं आलं. एवढ्या पावसात कुत्रं कोरडं. अंग झाडलंसुद्धा नाही. माझ्याकडं बघून खाली पळालं.

मागच्या बाजूला दरी. वाट नाही, म्हणून मी तिकडं कधी गेलो नव्हतो. कारवीची झुडपं धरून, भिंतीला चिकटून गेलो. मागची खिडकी नव्हती. चौकटीसकट उपटून नेलेली, आणि खालची भिंत कंबरेपर्यंत ढासळलेली, माणूस वाकला की आत जाईल एवढी. जिथून चौकट काढली तिथं जाड शेवाळ धरलेलं. त्या भोकात एक पिंपळ रुजून माझ्या खांद्यापर्यंत आलेला. हे काल-परवाचं नव्हतं. ती येत होती त्या वर्षांतलं होतं.

कुठल्याही घराशी गेली की द्वारका आधी मागं जायची. म्हणायची, पुढून घर सगळेच नीट ठेवतात. म्हणजे तिनं हे बघितलं होतं. पहिल्याच वर्षी बघितलं असणार. कारवी धरून ती इथं आली असणार, वाकून आत बघितलं असणार आणि परत पुढं जाऊन कुलपासमोर बसली असणार. मला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मी तिला म्हटलं असतं, चल, इथून जाऊ. ती आली नसती.

मी वाकून आत गेलो. पंखा नाही, नळ नाही, बटणं नाहीत. शेण, बाटल्या, कोपऱ्यात कुणीतरी पेटवलेल्या जाळाची राख. वरचे दोन वासे पोखरून खाली आलेले. बसायच्या खोलीच्या भिंतीवर कुणा पोरानं खडूनं आगगाडी काढलेली, ती ओलीत अर्धी पुसलेली. मी उभा राहिलो. कुलूप तोडायला आलो होतो, पण आत होतो आणि कुलूप बाहेर होतं.

मग मी पुढच्या दाराशी गेलो. बिजागऱ्या आतून होत्या, गंजून लाल. पहार खाली घातली आणि अंगातलं होतं नव्हतं तेवढं बळ लावून दार वर उचललं. वरची बिजागरी सुटली. खालची लाकडासकट आली. दार कलंडलं, कुलपावर एकदा लोंबकळलं आणि कोयंडा उपटून बाहेर गॅलरीत आडवं पडलं. खोलीत उजेड आला.

पहार तिथंच ठेवली. आल्या वाटेनं मागून बाहेर पडलो, कारवी धरून घराला वळसा घातला आणि पुढं आलो. पायरीखाली चपला काढल्या. पाय पावसानं धुतलेलेच होते. मग समोरच्या दारानं आत गेलो.